गिअरचा खटका

मागच्या धड्यात आपण सायकलचे पंक्चर कसे काढावे ते वाचले. आज त्यापुढचे काम शिकू. गिअरच्या जुन्या सायकलचा झिजलेला खटका कसा ओळखावा, नवा कसा निवडावा आणि आपल्या हाताने कसा बसवावा, हे या धड्यात सांगितले आहे.

धडा थोडा लांब आहे. एका बैठकीत संपला नाही तरी चालेल. पण एक करा. धडा वाचताना सायकल जवळ उभी ठेवा. एक वाक्य वाचा, मग सायकलकडे पाहा. डोळ्यांनी वाचलेले आणि हाताने चाचपलेले असे दोन्ही मिळाले की ज्ञान पक्के होते.

१. ही सायकल आली कुठून?

हल्ली खेडोपाडी गिअरच्या सायकली दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा शहरातून जुन्या म्हणून आलेल्या असतात. शहरात मूल मोठे होते. सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. मग ती कुणाला तरी दिली जाते, नाहीतर थोडक्यात विकली जाते. जाड टायर, आडवे हँडल, पुढे तीन दातेरी चक्रे, मागे सहा किंवा सात चक्रे, अशी तिची ठेवण असते. दुकानदार तिला एमटीबी म्हणतात. म्हणजे डोंगरात चालवायची सायकल.

या सायकलचा जन्म अमेरिकेतला. तिथे कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथले तरुण १९७० नंतरच्या काळात जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरवाटेने खाली पळवीत. त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने १९७७ साली खास डोंगरासाठी सायकलचा सांगाडा तयार केला. १९८१ पासून अशा सायकली कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघू लागल्या. पुढे त्या जगभर पसरल्या. स्वस्तातल्या सायकलीही त्याच आकाराच्या निघाल्या. आपल्या दारातली सायकल ही त्यांचीच गरीब बहीण समजा. गरीब असली तरी कामाची आहे. तिची नीट निगा राखली तर ती पुष्कळ वर्षे साथ देते.

२. गिअर कशासाठी?

घाटाचा रस्ता तुम्ही पाहिला आहे. तो डोंगरावर सरळ चढत नाही. वळणे घेत घेत चढतो. वाट लांबते, पण चढ सोपा होतो. भरलेली गाडीसुद्धा वर जाते. गिअर सायकलसाठी तेच काम करतो. पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, पण प्रत्येक वेळी जोर कमी लागतो.

हे हिशेबाने पाहू. समजा, पुढच्या मोठ्या चक्राला ४२ दाते आहेत आणि मागच्या सर्वांत लहान चक्राला १४. साखळी या दोहोंवर असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ३ वेळा फिरते, कारण ४२ भागिले १४ बरोबर ३. अशा सायकलच्या चाकाचा घेर साधारण २ मीटर असतो. म्हणजे एका फेऱ्यात सायकल ६ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्याला हे उत्तम.

आता साखळी पुढच्या लहान चक्रावर, २४ दात्यांवर घ्या, आणि मागच्या मोठ्या चक्रावर, २८ दात्यांवर घ्या. आता पायडलचा एक फेरा झाला तरी चाकाचा एक फेरा पुरा होत नाही. सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास पुढे जाते. पण जोर किती कमी लागतो! पाठीवर दप्तर किंवा मागे दुधाची किटली असली तरी चढ निघतो.

साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम मागे लोंबणारा एक लोखंडी हात करतो. त्याला डिरेलर म्हणतात. त्याला हुकूम देणारा जो हँडलवर असतो, तो खटका. दुकानात त्याला शिफ्टर म्हणतात. उजव्या हाताचा खटका मागच्या चक्रांसाठी. डाव्या हाताचा खटका पुढच्या चक्रांसाठी. खटका आणि डिरेलर यांना जोडते ती बारीक वायर. ती ज्या नळीतून जाते तिला आउटर म्हणतात.

३. खटक्याच्या पोटात काय असते?

विहिरीवरचा रहाट आठवा. काही रहाटांना दातेरी चक्र असते आणि त्यात अडकणारी एक खुंटी असते. खुंटी अडकली की चक्र उलटे फिरत नाही, भरलेला पोहरा खाली जात नाही. खटक्याच्या पोटात असेच छोटे दातेरी चक्र, छोटी खुंटी आणि एक स्प्रिंग असते. खटका दाबला की चक्र एक दाता पुढे जाते. टक् असा आवाज होतो. वायर ठरावीक अंतर ओढली जाते आणि साखळी शेजारच्या चक्रावर जाते.

पूर्वी गिअरच्या दांडीला असे टप्पे नसत. दांडी किती ओढायची हे चालवणाऱ्याने अंदाजाने ठरवायचे. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने शर्यतीच्या सायकलसाठी टप्प्याटप्प्याने चालणारा गिअर बाजारात आणला. त्यानंतर ही पद्धत सगळीकडे पसरली. सोय झाली. पण सोयीबरोबर एक अडचणही आली. टप्पे झिजले की काम अडते.

खटके मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

एक, मुठीचा. हा मुठीसारखा पिळायचा असतो.

दोन, अंगठ्याचा. हँडलच्या वर एक दांडी असते. ती अंगठ्याने ढकलायची.

तीन, दोन जिभांचा. हँडलच्या खाली दोन लहान जिभा असतात. एक दाबली की वायर ओढली जाते, दुसरी दाबली की सुटते.

तिसऱ्या प्रकारात कधी कधी खटका आणि ब्रेकची दांडी एकाच तुकड्यात असते. आपली सायकल कोणत्या प्रकारची आहे ते आत्ताच पाहून ठेवा.

४. आधी रोग ओळखा

वैद्य नाडी पाहतो, मग पुडी देतो. आपणही तसेच करावे. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी गत होते. गिअर नीट पडत नाही म्हटल्यावर पुष्कळ जण खटक्यालाच दोष देतात. दोष दुसऱ्याचाही असू शकतो. म्हणून चार गोष्टी क्रमाने तपासा.

पहिली गोष्ट, वायर आणि आउटर. वायर गंजली आहे का? तिचे तंतू सुटले आहेत का? आउटर तडकला आहे का? असे असेल तर आधी या दोन वस्तू बदला. त्या खटक्यापेक्षा स्वस्त असतात. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

दुसरी गोष्ट, डिरेलर. वायर सोडून डिरेलर हाताने आत ढकला आणि सोडा. तो चटकन जागेवर आला पाहिजे. रेंगाळत आला तर त्यात माती आणि गंज आहे. तो साफ करून तेल द्या. सायकलच्या मागे उभे राहूनही पाहा. डिरेलर चक्रांच्या सरळ रेषेत लोंबतो का? सायकल पडल्यामुळे तो आत वाकला असेल तर नवा खटका बसवूनही उपयोग होणार नाही.

तिसरी गोष्ट, साखळी. गिअर बदललेला नसताना, नुसता जोर दिल्यावर साखळी दात्यांवरून उसळते का? तसे असेल तर दोष खटक्याचा नाही. साखळी किंवा मागची चक्रे झिजली आहेत. साखळी मोजायची रीत सोपी आहे. तिच्या एका खिळ्याच्या मध्यापासून पट्टी लावा. पुढचा चोविसावा खिळा बरोबर १२ इंचांवर आला पाहिजे. तो १२ इंच १ सूत इतका पुढे गेला असेल तर साखळी ताणून गेली आहे. ती बदलावी.

चौथी गोष्ट, स्वतः खटका. डिरेलरपासून वायर सोडा. एका हाताने तिचे टोक बेताने ओढून धरा. दुसऱ्या हाताने खटका दाबत जा. प्रत्येक टप्पा टक् करून पकडतो का? पकडलेला टप्पा टिकतो का? पुन्हा सोडताना एकेक टप्पाच सुटतो का? वायर आपोआप सरकली, किंवा दाबूनही पकड झाली नाही, तर खटका बिघडला आहे.

पण बिघडला म्हणजे झिजलाच असे नाही. दोन जिभांच्या खटक्यात कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. सायकल वर्षानुवर्षे पडून राहिली की ते ग्रीस सुकून गुळाच्या काकवीसारखे चिकट होते. खुंटी त्यात चिकटते. जीभ दाबली तरी नुसती पोकळ हलते. अशा खटक्यात गंज सोडवणारे फवाऱ्याचे पातळ तेल मारा. जीभ पन्नास-साठ वेळा दाबा. काळे ओघळ येतील ते पुसून घ्या. पुन्हा तेल मारा, पुन्हा दाबा. एक रात्र तसेच ठेवून सकाळी पाहा. मेलेला वाटणारा खटका पुष्कळदा असा जिवंत होतो. यासाठी पेट्रोल वापरू नका. आणि हे काम चुलीजवळ मुळीच करू नका.

इतके करूनही टप्पा टिकत नसेल तर आतले दाते झिजले आहेत. आता मात्र खटका बदललाच पाहिजे.

५. सात आणि सहा

नवा खटका निवडण्याआधी आमच्या रात्रीच्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगतो.

वर्गाला येणाऱ्या एका शेतमजूर बाईंची मुलगी दहावीत होती. शाळा सहा किलोमीटरवर, मध्ये एक खिंड. मुलीला मावशीने पुण्याहून एक जुनी गिअरची सायकल आणून दिली होती. पावसाळा सरला आणि सायकलचा उजवा खटका टिकेना. चढाला हलका गिअर टाकावा, तर चार पावलांवर तो आपोआप जड व्हावा. मुलगी खिंडीत उतरून सायकल ढकलू लागली. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडायचा. पोर घरी यायला सात वाजू लागले. एके दिवशी वडील म्हणाले, "बास झालं आता शिकणं. अंधारात पोरीला खिंडीत एकटं नाही सोडायचं."

वडिलांचे काळीज काळजीचे होते. त्यांना दोष देता येत नाही. पण बघा, एका पोरीची शाळा बोटभर लांबीच्या खटक्यावर येऊन अडली होती.

बाई तालुक्याच्या गावी दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "जुनी झाली सायकल. नवी घ्या." बाई म्हणाल्या, "नवी घ्यायला पैसं असतं तर जुनी कशाला घासत बसलो असतो, भाऊ? खटका द्या." दुकानदाराने एक पुडके पुढे केले. बाईंनी घरून निघताना मागची चक्रे बोटाने मोजली होती. ती भरली होती सात. पुडक्यावर आकडा होता सहा. बाईंनी तो वाचला आणि पुडके परत दिले.

"भाऊ, ह्यावर सहा लिवलंय. माझ्या सायकलीला सात हायेत."

दुकानदाराने पुडके पाहिले. म्हणाला, "खरंच की! चुकून दिलं बघा." त्याने सातचे पुडके काढून दिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी ही हकिकत सांगितली, तेव्हा त्यांचा आवाज जरा भरून आला होता. "गुरुजी, मागल्या वर्षी हा आकडा मला नुसता वेटोळा दिसला असता," असे त्या म्हणाल्या. आम्ही वर्गातल्या चौघांनी मिळून तो खटका रविवारी बसवला. पान्याला हात बाईंचाच होता. मुलीची शाळा सुटली नाही.

अक्षर कशाला शिकायचे, असे कोणी विचारले तर आम्ही ही गोष्ट सांगतो. अक्षर म्हणजे केवळ सही नव्हे. अक्षर म्हणजे पुडक्यावरचा सहा आणि चाकावरचा सात यांतला फरक.

६. नवा खटका घेताना

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर पुढील माहिती लिहून घ्या.

मागे चक्रे किती? सहा की सात? तितक्याच टप्प्यांचा उजवा खटका घ्या. सहाच्या आणि सातच्या चक्रांमधले अंतर सारखे नसते. आकडा चुकला तर साखळी एका चक्रावर बसेल आणि दुसऱ्यावर करकरेल.

पुढे चक्रे किती? बहुधा तीन असतात. मग डावा खटका तीनचा घ्या. पुढे तीन आणि मागे सात म्हणजे तीन सत्ते एकवीस. म्हणून दुकानदार त्या सायकलला एकवीस गिअरची म्हणतात. मागे सहा असतील तर अठरा गिअरची.

उजवा खराब झाला आहे की डावा? की दोन्ही? बहुधा उजवा आधी झिजतो, कारण तो जास्त वापरला जातो. एकच सुटा मिळत असेल तर दोन घेण्याचे कारण नाही.

ब्रेकची दांडी खटक्याला जोडलेली आहे का? तशी असेल तर जोडीचाच तुकडा घ्या, नाहीतर सुटा खटका आणि सुटी ब्रेकदांडी अशा दोन वस्तू घ्या. दांडी आपल्या ब्रेकला जुळणारी आहे ना, हे दुकानदाराला ब्रेक दाखवून विचारा. ब्रेकच्या बाबतीत तडजोड करू नये.

मुठीचा खटका घेणार असाल तर त्याला आखूड ग्रिप लागते. लांब ग्रिप त्याच्याशेजारी मावत नाही.

वायर गिअरचीच घ्या. गिअरची वायर बारीक असते, ब्रेकची जाड असते. आउटरही वेगवेगळे असतात. गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नका. ब्रेक जोरात दाबल्यावर तो फाटू शकतो आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

आणखी एक सल्ला. सायकल फार जुनी असेल, चक्रे वेडीवाकडी असतील, तर टप्पे नसलेला अंगठ्याचा खटका मिळतो का ते विचारा. त्यात टक् आवाज होत नाही. दांडी अंदाजाने सरकवावी लागते. चार दिवसांत हाताला सवय होते. त्याला सहा आणि सात हा भेद नाही. आत झिजायला नाजूक दातेही नाहीत.

पुडक्यावरची छापील किंमत स्वतः वाचा. दोन दुकानांत भाव विचारा. पावती मागा.

७. लागणारी हत्यारे

अ‍ॅलन की, म्हणजे सहा कोनांची वाकडी चावी, ४ आणि ५ मिलिमीटरची. लहान स्क्रू ड्रायव्हर. वायर तोडण्याची धारदार कात्री. दाभण. थोडे साबणाचे पाणी. फडके. पातळ तेल. साध्या पकडीने वायर तोडू नका. तंतू विसकटतात आणि मग ती आउटरमध्ये शिरत नाही. कात्री नसेल तर दुकानदाराकडून मापाने तोडून आणा.

८. आता कामाला लागू

एक. सायकलची सीट दोराने झाडाच्या फांदीला किंवा आढ्याला बांधा. मागचे चाक जमिनीपासून वीतभर उचलले गेले पाहिजे. सायकल उलटी ठेवू नका. खटका हँडलवर असतो, तो खाली दबेल.

दोन. वायर कुठून कशी गेली आहे ते नीट पाहा. पाटीवर त्याचे चित्र काढा.

तीन. पायडल फिरवत साखळी मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणा. आता डिरेलरवरचा वायर धरणारा बोल्ट सैल करा. वायरच्या टोकाची टोपी काढा आणि वायर मोकळी करा.

चार. ग्रिप काढा. ग्रिपच्या कडेखाली स्क्रू ड्रायव्हर हलकेच सरकवून साबणाचे पाणी सोडा. मग ग्रिप पिळत पिळत ओढा. इथे तेल वापरू नये. तेल राहिले तर ग्रिप पुढे हातात फिरते. साबणाचे पाणी वाळून जाते.

पाच. खटक्याचा बोल्ट सैल करून जुना खटका सरकवून काढा. हँडल पुसून घ्या.

सहा. नवा खटका त्याच जागी बसवा. नव्या खटक्यात बहुधा वायर घातलेलीच असते. ब्रेकची दांडी बोटांना सहज पोचते ना, ते पाहा. बोल्ट आवळा, पण बेताने. खटक्याचे अंग पुष्कळदा प्लास्टिकचे असते, फार आवळले तर तडकते. हाताने फिरवून तो फिरत नाही इतके पुरे.

सात. आउटर जुन्याच्या मापाने तोडा. तोडल्यावर त्याचे तोंड चेपलेले असते. दाभण घालून ते गोल करा. दोन्ही टोकांना टोप्या घाला. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. आउटर ताणला जाता कामा नये. मागचा आउटर सुबक वळण घेऊन डिरेलरला पोचला पाहिजे. त्याला पीळ किंवा मोड पडू देऊ नका.

आठ. आता सर्वांत महत्त्वाचे काम. वायर जोडण्यापूर्वी डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू शोधा. त्यांच्याजवळ इंग्रजी अक्षरे असतात. दोन उभ्या काठ्या आणि मध्ये एक आडवी, म्हणजे शिडीच्या एका पायरीसारखे दिसते ते एच. एक उभी आणि खाली एक आडवी, म्हणजे गवंड्याच्या गुण्यासारखे दिसते ते एल. एचचा स्क्रू साखळीला लहान चक्राच्या बाहेर पडू देत नाही. एलचा स्क्रू तिला मोठ्या चक्राच्या पलीकडे, चाकाच्या आऱ्यांत जाऊ देत नाही.

साखळी लहान चक्रावर असताना डिरेलरची वरची चकती त्या चक्राच्या बरोबर खाली आली पाहिजे. नसेल तर एचचा स्क्रू थोडा थोडा फिरवून ती आणा. मग एका हाताने पायडल फिरवत, दुसऱ्या हाताने डिरेलर आत ढकलून साखळी मोठ्या चक्रावर न्या. ती तिथे बसली पाहिजे, पण हाताने ढकलूनही पलीकडे जाता कामा नये. जात असेल तर एलचा स्क्रू आवळा. हे काम टाळू नका. साखळी किंवा डिरेलर आऱ्यांत अडकला तर मागचे चाक जागच्या जागी थांबते आणि माणूस आपटतो.

नऊ. आउटर जिथे डिरेलरमध्ये शिरतो तिथे एक गोल, हाताने फिरणारा नट असतो. तो पूर्ण आत फिरवा आणि एक फेरा बाहेर काढा. खटका ज्या आकड्यावर वायर सर्वांत सैल असते तिथे ठेवा. उजव्या खटक्यावर तो सर्वांत मोठा आकडा असतो, म्हणजे सहा किंवा सात. साखळी लहान चक्रावर हवी. आता वायर हाताने ताणून धरा, बोल्टखालच्या खाचेत बसवा आणि बोल्ट पक्का आवळा.

दहा. पायडल फिरवत एक टप्पा दाबा. साखळी दुसऱ्या चक्रावर चढली तर उत्तम. चढली नाही तर वायर सैल आहे. गोल नट अर्धा फेरा बाहेर फिरवा आणि पुन्हा पाहा. एकदम दोन चक्रे चढली, किंवा तिसऱ्या चक्राला घासून करकर करू लागली, तर वायर ताठ आहे. नट अर्धा फेरा आत फिरवा. असे सर्व टप्पे वर आणि खाली पाहून घ्या. घाई करू नका. सतारीची तार लावायची तसे हे काम आहे. कान देऊन करावे.

अकरा. वायर बोल्टपासून तीन बोटे राखून तोडा. टोकाला टोपी घाला, नाहीतर तंतू सुटतात आणि पायाला टोचतात. ग्रिप पुन्हा बसवा.

डावा खटका बदलायचा असेल तरी रीत हीच. फरक एवढाच की पुढे साखळी लहान चक्रावर आणि खटका एकच्या आकड्यावर ठेवून वायर जोडायची.

बारा. आधी दोन्ही ब्रेक तपासा. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवून पाहा. तिथे सगळे टप्पे नीट पडले तरच चढावर न्या. चार-आठ दिवसांत नवी वायर आणि आउटर जागेवर बसतात आणि वायर किंचित सैल पडते. घाबरू नका, खटका बिघडलेला नाही. गोल नट थोडा बाहेर फिरवला की झाले.

९. खटका टिकावा म्हणून

चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा. ऐन चढावर, पूर्ण जोर देत असताना खटका दाबू नका. बदलताना पायडल फिरत असावे, पण जोर हलका असावा. उभ्या सायकलचा गिअर बदलू नये. पुढचे सर्वांत मोठे आणि मागचे सर्वांत मोठे चक्र एकाच वेळी वापरू नये, साखळी तिरपी होऊन ताणते. पावसाळ्यात सायकल वळचणीखाली ठेवा. आठवड्यातून एकदा साखळी पुसून तेलाचे थेंब द्या आणि वरचे तेल फडक्याने टिपून घ्या. नाहीतर त्यावर धूळ बसते आणि तीच दाते घासते.

बंधू-भगिनींनो, वस्तू जुनी झाली म्हणजे टाकाऊ झाली असे नाही. तिच्यातला कोणता भाग गेला आहे हे शोधणारा डोळा हवा, आणि तो भाग बदलणारा हात हवा. आकडे वाचता येणारा माणूस दुकानात फसत नाही. रीत समजलेला माणूस अडून बसत नाही. हे दोन्ही आता तुमच्याजवळ आहे.

प्रश्न

१. पुढच्या चक्राला ४२ दाते आणि मागच्या चक्राला २१ दाते आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरेल?

२. जोर दिल्यावर साखळी उसळते, पण खटक्याचे टप्पे टिकतात. दोष कोणत्या भागात असेल?

३. एलचा स्क्रू नीट लावला नाही तर कोणता धोका आहे?

४. बाईंनी दुकानात पहिले पुडके परत का दिले?

करून पाहा

आपल्या किंवा शेजाऱ्याच्या सायकलची मागची आणि पुढची चक्रे मोजा. खटक्यावरचे आकडे वाचा. दोन्ही जुळतात का ते वहीत लिहा आणि उद्या वर्गात वाचून दाखवा.